टेंडन ‘सैल’ निघाला म्हणून उंच उडी सोडायची?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मुलगी 19 वर्षांची आहे, उंच उडी मारते. सर्वोत्तम उडी 1.68 मीटर, पण वर्षभर ती तिथेच अडकली आहे. जागेवरून मारलेली उडी गटातल्या बहुतेकांपेक्षा चांगली; धावत आल्यावर मात्र ती ताकद कुठे जाते ते कळत नाही. मध्यंतरी एका शिबिरात हातात धरायच्या छोट्या यंत्राने सगळ्यांच्या टाचेमागच्या टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्टीचा) स्टिफनेस, म्हणजे ताठपणा, मोजला. हिचा आकडा सर्वांत कमी आला. ‘टेंडन सैल आहे, ताकद वाटेतच जिरते,’ असं तिला सांगण्यात आलं. तेव्हापासून सरांनी स्ट्रेचिंग बंद केलं आहे आणि रोज डेप्थ जंप चालू आहेत, म्हणजे ठोकळ्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताच उसळी घ्यायची. दोन महिने झाले. आकडा बदलला नाही, उडीही नाही. उलट ज्या पायावरून ती उडी घेते त्याची टाच सकाळी आखडलेली असते. तिचे प्रश्न: सकाळी इतकी कडक वाटणारी टाच यंत्रावर सैल कशी येते? घरचे कोलाजेनची, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याची, पावडर आणायला तयार आहेत, घ्यावी का? आणि टेंडन जन्मतःच असा असेल तर हा खेळ सोडून दुसरा धरावा का?

उत्तर:

तुझं जवळजवळ सगळं पत्र त्या आकड्याबद्दल आहे आणि टाचेबद्दल एकच ओळ आहे. मी उलट्या बाजूने सुरुवात करते.

सकाळची पहिली पावलं आखडलेली, जरा चाललं की मोकळी, सरावात अंग तापलं की दुखण्याचा विसर, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिले पाढे. टेंडन दुखावू लागला की नेमकं असंच होतं. फसवं दुखणं आहे हे. मैदानावर गप्प बसतं आणि हिशेब दुसऱ्या दिवशी मागतं, त्यामुळे खेळाडूला वाटतं, सरावाने बरंच वाटतंय की! उड्या मारणाऱ्यांना हे नवीन नाही. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनच्या अशाच दुखण्याला ‘जंपर्स नी’ असं नावच पडलं आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका पाहणीत अव्वल व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे 45 टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे 32 टक्के जणांना ते होतं. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायचंही नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. सकाळी तुला जाणवते ती संवेदना आहे. यंत्र किंवा प्रयोगशाळा मोजते तो पदार्थाचा गुण. या दोहोंचा संबंध असलाच तर तो उलटा असतो. दुखावलेला अकिलीस टेंडन, म्हणजे हाच टाचेमागचा टेंडन, बऱ्याचदा जाड होतो, पण बळ लावून ताणला तर निरोगी टेंडनपेक्षा जास्त लांबतो. म्हणजे दुखरा, आखडलेला टेंडन मोजमापात कमी ताठ निघू शकतो. टेंडन ताठ व्हावा म्हणून तुम्ही रोज डेप्थ जंप करता आहात, आणि त्याच डेप्थ जंपनी टेंडन दुखावला असेल तर तो ताठ होण्याऐवजी उलट्या दिशेने जातो आहे. आकडा वाढला नाही यात मला तरी नवल वाटत नाही.

तो आकडा आला कुठून, तेही पाहू. हातात धरायचं यंत्र त्वचेवर हलकेच टिचकी मारल्यासारखा ठोका देतं आणि खालचा भाग कसा थरथरतो त्यावरून एक संख्या काढतं. त्या वेळी तू पालथी, पाय सैल सोडून पडलेली असणार. घोटा जरा वर वळलेला असेल तर टेंडनवर आधीच ताण असतो आणि आकडा वाढतो. पाय पूर्ण सैल लोंबत असेल तर घटतो. प्रयोगशाळेतली रीत निराळी आहे. खेळाडूला बळ मोजणाऱ्या खुर्चीत बांधतात, पोटरीने हळूहळू पूर्ण जोर लावायला सांगतात आणि त्याच वेळी स्नायू व टेंडन जिथे जुळतात ती जागा किती मिलिमीटर सरकली ते सोनोग्राफीवर पाहतात. किती न्यूटन बळाला किती मिलिमीटर ताण, हा खरा ताठपणा. पडून असलेल्या पायावरचा ठोका आणि उडीच्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बळ झेलणारा टेंडन यांच्यात बरंच अंतर आहे. त्यातून गटात मुलगेही असणार. ज्याचा टेंडन जाड, त्याचा ताठपणा जास्त येणारच, आणि जाडी शरीराच्या आकारमानाबरोबर वाढते. तुझी तुलना कुणाशी झाली, हे तुला कुणी सांगितलंय का?

शिवाय त्यांनी टाचच मोजली. उंच उडीत शेवटचं पाऊल रोवलं जातं तेव्हा गुडघ्याच्या टेंडनवर केवढा भार येतो, त्याचं काय? असो.

माझा मूळ आक्षेप मात्र यंत्रावर नाही, ‘ताठ तेवढा चांगला’ या गृहीतावर आहे. तुझ्या पत्रातला प्रत्येक निर्णय त्याच एका वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा आकडेमोड करू. समज, एका टाचेच्या टेंडनवर 3000 न्यूटन बळ आलं, म्हणजे सुमारे 300 किलो वजन टांगल्याइतकं. ताठपणा मिलिमीटरला 300 न्यूटन असेल तर टेंडन 10 मिलिमीटर ताणला जाईल आणि त्यात 15 जूल ऊर्जा साठेल. ताठपणा 200 असेल तर तोच जोर 15 मिलिमीटर ताणेल आणि साडेबावीस जूल साठतील. निरोगी टेंडन साठवलेल्यातलं बहुतेक, साधारण नव्वद टक्के, परत देतो. 55 किलोच्या शरीराला एक सेंटिमीटर वर न्यायला सुमारे 5.4 जूल लागतात. म्हणजे सारख्याच बळाला ‘सैल’ टेंडनने जास्त साठवलं आणि जास्त परत दिलं!

लगेच खूश होऊ नकोस. हा हिशेब बळ पूर्ण लागलं असं धरून केला आहे, आणि उंच उडीत तेवढं बळ लागायला वेळ कुठे असतो? उडीचा पाय जमिनीवर जेमतेम 0.15 ते 0.2 सेकंद असतो. लांब उडीत त्याहून कमी, 0.12 च्या आसपास. जागेवरून गुडघे वाकवून उडी मारताना मात्र तुला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. टेंडन जितका लांबणारा, तितकं स्नायूला आधी आकसून त्याचा ढिलेपणा काढावा लागतो, मग कुठे हाडाला ओढ बसते. झपाट्याने आकसणाऱ्या स्नायूचा जोर घटतो, हा त्याचा स्वभावच आहे. ताठ टेंडनमुळे स्नायू जवळपास त्याच लांबीत राहून जोर धरतो आणि बळ चटकन पोहोचतं. ताठ टेंडन ऊर्जा फार साठवत नाही, वेळ वाचवतो. तेव्हा जागेवरून चांगली आणि धावत येऊन अडलेली, हे तुझं लक्षण त्या आकड्याशी अगदीच विसंगत नाही. त्यात तथ्य नसेलच असं मी म्हणत नाही.

पण तेच लक्षण इतर कारणांनीही दिसतं, आणि ती जास्त वेळा आढळतात. शेवटच्या तीन पावलांत वेग मारला जातो. उपान्त्य पावलाला अंग खाली जात नाही. वळणावर आतल्या बाजूला झुकलेलं शरीर पाय रोवायच्या आधीच सरळ होतं. किंवा रोवलेल्या पायाचा गुडघा भार न पेलून मऊ पडतो, आणि हे टेंडनचं नाही, मांडीच्या ताकदीचं काम आहे. ताकद वाटेत जिरते हे वाक्य खरं असेलही. पण ती कुठल्या वाटेत जिरते, हे टाचेवर ठोका मारून कळत नाही.

टेंडन आणि स्नायू ही जोडी आहे, त्यातल्या एकट्याचा भाव करता येत नाही. लहान मुलाच्या हातात जाड, कडक रबराची गलोल दिली तर रबर दोन बोटंसुद्धा ताणलं जात नाही आणि खडा पायाशीच पडतो. तीच गलोल दणकट हातात दिली तर खडा दिसेनासा होतो. त्या दणकट हातात लिबलिबीत रबर दिलं तर हात पुरता मागे जातो तरी जोर शिल्लक राहतो. बळ किती, वेळ किती आणि ताठपणा किती, हे तिन्ही जुळावे लागतात. म्हणून संशोधनही एका सुरात बोलत नाही. 1999 मध्ये जपानमधल्या कुबो आणि सहकाऱ्यांना मांडीच्या स्नायूच्या टेंडनबद्दल असं आढळलं की टेंडन जितका लवचीक, तितका गुडघे वाकवून उसळी घेण्याचा फायदा जास्त. 2005 मध्ये डेन्मार्कमधल्या बोयसन-म्योलर आणि सहकाऱ्यांना त्याच स्नायूत उलट चित्र दिसलं: ताठ टेंडनवाल्यांचं बळ लवकर चढलं आणि त्यांच्या उड्याही सरस ठरल्या. पहिल्यांनी वाकण्यामुळे मिळणारा जादा फायदा मोजला, दुसऱ्यांनी उडी आणि बळ चढण्याचा वेग. शिबिरात यातली अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

तुझ्याच खेळातली एक जोडी सांगते. स्वीडनचा स्टेफान होल्म फक्त 1.81 मीटर उंचीचा. लहानपणापासून उंच उडीतच वाढलेला, वेगाने धावत येणारा. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये 2.36 मीटरवर सुवर्ण, पुढच्या वर्षी माद्रिदला इनडोअर 2.40. बहामाजचा डोनाल्ड थॉमस मुळात बास्केटबॉल खेळणारा. उंच उडीकडे वळला 2006 मध्ये, आणि 2007 मध्ये ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत 2.35 मीटरवर विश्वविजेता झाला. हवेत पाय असे झाडायचा की जणू चालतोच आहे. शैली बघून प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला असेल. त्या दिवशी होल्म चौथा आला. या दोघांच्या टाचांवर नंतर बरीच चर्चा झाली: होल्मचा टेंडन वर्षानुवर्षांच्या सरावाने विलक्षण ताठ झालेला, थॉमसचा उपजतच विलक्षण लांब. आता एक बघ. जाडी आणि पदार्थ सारखा असेल तर लांब टेंडन तेवढ्याच बळाला जास्त मिलिमीटर ताणला जातो, म्हणजे कागदावर तो कमी ताठ. दोघेही 2.30 च्या वर गेले. शिबिरातल्या यंत्राने यातल्या कुणाला ‘सैल’ म्हटलं असतं, देव जाणे.

टेंडन जन्मतःच असा असेल तर, हे तू विचारलंस. थोडा जन्माचा असतो, हे खरं. याचा एक पुरावा फार वेगळ्या वाटेने मिळाला. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-14 चं प्रमाण एकदम वाढलं आणि मग उतरत गेलं. शरीराचा एखादा भाग कधी घडला ते त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. 2013 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अकिलीस टेंडनचा गाभा असा तपासला. तो वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास घडून होतो आणि नंतर फारसा नव्याने बनत नाही, असं निघालं. तू 19 ची. म्हणजे गाभा जवळपास ठरलेला आहे. पण ताठपणा ठरलेला नाही, तो मोठेपणीही बदलतो हे मोजून सिद्ध झालं आहे. पदार्थाचे गुण बदलतात, पुढे जाडीही थोडी वाढते. फक्त घाई चालत नाही. स्नायू चार-सहा आठवड्यांत प्रतिसाद देतो, टेंडनला तीन-चार महिने लागतात. दोन महिन्यांनी मोजून निराश होणं म्हणजे परीक्षेआधीच निकाल बघणं.

आणि तो बदलतो कशाने? रोज उड्या मारून वाढेल, असं सरांचं म्हणणं दिसतं. 2007 मध्ये कुबो यांच्या गटाने हेच तपासलं. बारा आठवडे एका पायाने उड्यांचा सराव, दुसऱ्या पायाने वजनाचा. उड्यांच्या पायाची उडी जास्त सुधारली, पण टेंडनचा ताठपणा वजनाच्या पायात वाढला. सगळेच अभ्यास इतके स्वच्छ नाहीत, पण एकूण कल हाच आहे. टेंडनला ताण हवा तो मोठा आणि काही सेकंद टिकणारा. 2007 मध्येच अराम्पाट्झिस आणि सहकाऱ्यांनी चौदा आठवडे पोटरीवर दोन तऱ्हांनी काम केलं: एका पायाला कमाल ताकदीच्या सुमारे 55 टक्के, दुसऱ्याला सुमारे 90. ताठपणा वाढला तो जड बाजूचा. डेप्थ जंपमध्ये बळ मोठं असतं, पण सेकंदाच्या पाचव्या हिश्शात संपतं. ती उडीची तालीम आहे, टेंडन घडवण्याचा उपाय म्हणून तोकडी. आणि रोज केली तर महागात पडते, कारण जोरदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये जुनं कोलाजेन तुटण्याचा वेग नवं बनण्यापेक्षा जास्त असतो. जमेची बाजू त्यानंतर येते. तुझ्या टाचेला जमेपर्यंत पोहोचूच दिलेलं नाही.

तर आता काय करायचं. आधी एखाद्या खेळाच्या फिजिओथेरपिस्टला टाच दाखव. नुसतं दाबून, उड्या मारायला लावून पाहिलं तरी बरंच कळतं. डेप्थ जंप तूर्त बंद. सराव सगळा बंद करू नकोस, पूर्ण विश्रांतीने टेंडन आणखी दुबळा होतो. धावणं, बारच्या खालून-वरून तंत्राचं काम, छोट्या रन-अपच्या मोजक्या उड्या चालू ठेव आणि सकाळच्या टाचेला पंच नेम. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर कालचा सराव पचला. दुसऱ्या सकाळी जास्त आखडलं तर कालचा भार जास्त झाला, मग काल मैदानावर कितीही छान वाटलेलं असो. हे रोज वहीत लिही, मनात ठेवलेलं आपण सोयीने विसरतो.

जड आणि संथ काम आठवड्यातून तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. पोटरीसाठी गुडघा सरळ ठेवून टाच उचलणं, शक्यतो एका पायावर, खांद्यावर किंवा मशीनवर वजन घेऊन. वजन असं की एका दमात सहा ते आठपेक्षा जास्त वेळा टाच उचलता येऊ नये. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन. किंवा न हलता जोर लावायचा प्रकार: न हलणाऱ्या दांड्याला किंवा मशीनला जवळजवळ पूर्ण ताकदीने तीन सेकंद रेटायचं, तीन सेकंद सोडायचं, असं चार वेळा, आणि असे पाच सेट. वर सांगितलेल्या चौदा आठवड्यांच्या प्रयोगात याच धर्तीचं काम होतं. गुडघ्यासाठी संथ, जड स्क्वॅट किंवा लेग प्रेस. टाच दुखरी आहे तोवर हलक्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वजनावर ये. हे व्यायाम कंटाळवाणे आहेत, व्हिडिओत चांगले दिसत नाहीत, म्हणून सगळे ते टाळतात.

पाच-सहा आठवडे सकाळची टाच शांत राहिली की उड्या परत आण: आधी दोन पायांवर छोट्या उसळ्या, दोरीवरच्या उड्या, मग एका पायावर, शेवटी डेप्थ जंप, आणि तीही आठवड्यातून दोनदाच, कमी उंचीच्या ठोकळ्यावरून. त्यांची प्रगती बघायला यंत्र नको. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 चौकटी मिळतात. 30 सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उतरून उडी मार. पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत 48 चौकटी मोजल्या तर संपर्काचा वेळ 0.2 सेकंद. नंतर हवेत 0.5 सेकंद राहिलीस तर उडी सुमारे 31 सेंटिमीटर. मीटरमधली उंची भागिले सेकंदातला वेळ केला की इथे साधारण दीड येतं. दर तीन आठवड्यांनी हे काढ, पण नुसता भागाकार बघू नकोस. उडी खुजी करून संपर्क कमी केला तरी तो फुगतो. उंची टिकून वेळ घटला तर तुझी जोडी जुळत चालली असं समज. उंची आणि वेळ दोन्ही जागच्या जागी राहिले आणि तरीही बार पडतच राहिला, तर दोष रन-अपमध्ये शोध.

स्ट्रेचिंग बंद करण्याचं मला पटलेलं नाही. उडीच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर स्फोटकपणा किंचित घटतो, एवढंच खरं आहे. त्यापेक्षा कमी वेळ ताणून नंतर नीट वॉर्म-अप केला तर फरक नगण्य. आठवडेच्या आठवडे स्ट्रेचिंग केल्याने हालचालीचा आवाका वाढतो तो मुख्यतः ताण सोसायची सवय झाल्याने, टेंडन सैल पडल्याने नव्हे. बारवर पाठीची कमान करणाऱ्या मुलीला कंबर आणि मांडीचा पुढचा भाग मोकळा लागतोच. फक्त टाच दुखरी आहे तोवर पायरीवरून टाच खोल खाली सोडून ताणायचं टाळ. टेंडन हाडाला चिकटतो ती जागा त्याने चेपली जाते.

पावडरबद्दल थोडक्यात. 2017 च्या ज्या अभ्यासामुळे ती गाजली त्यात आठ पुरुष होते. जिलेटिन आणि क जीवनसत्त्व घेऊन तासाभराने सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्यावर त्यांच्या रक्तात कोलाजेन बनण्याची खूण वाढली. उडी किती वाढली हे त्यात मोजलेलंच नव्हतं. पोटभर प्रथिनं आणि पुरेशी झोप मिळत असेल तर पावडर न घेतल्याने काही बुडत नाही, आणि घेतली म्हणून जड व्यायाम टळत नाही. एक मात्र विचारते, कारण उंच उडीत हे घडतं: हलकं व्हायला तू जेवण तोडते आहेस का? पाळी लांबते किंवा चुकते का? असेल तर पावडर, टेंडन सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना भेट. अर्धपोटी शरीर कुठलीच दुरुस्ती हाती घेत नाही.

राहिले सर. ‘तुमचं चुकलं’ हे वाक्य घेऊन जाऊ नकोस, त्यांनी तुझ्या भल्यासाठीच हे सुरू केलं आहे आणि त्यांना मिळाली तीही तीच अर्धी माहिती. वहीतल्या दोन आठवड्यांच्या सकाळच्या नोंदी आणि शेवटच्या पाच पावलांचा बाजूने घेतलेला व्हिडिओ घेऊन जा, आणि विचार, “सर, टाच शांत होईपर्यंत डेप्थ जंपऐवजी वजनाचं करू का? आणि तोवर शेवटची पावलं बघाल का?” प्रशिक्षकाला काम काढून घेतलेलं आवडत नाही, काम दिलेलं आवडतं. ते ऐकतील असं वाटतं. नाहीच ऐकलं तर फिजिओचा कागद तुझ्या मदतीला येईल.

हाच सल्ला लांब उडी, तिहेरी उडी किंवा व्हॉलीबॉलवाल्यांनी घेताना संपर्काचा वेळ आपल्या खेळाचा धरावा. व्हॉलीबॉलच्या स्मॅशआधी पाय साधारण 0.3 सेकंद जमिनीवर असतात. तिथे लवचीकपणा जास्त खपतो. वाढीच्या वयातल्या मुलांच्या पालकांनी तर जास्त जपावं: त्या वयात स्नायूची ताकद टेंडनच्या पुढे धावते, आणि उत्साहात वाढवलेल्या उड्या नेमक्या त्या फटीत बसतात.

खेळ बदलायचा का? पंधराएक आठवड्यांनी विचार, आता नको. दुखऱ्या टाचेने आणि एका ठोक्याच्या आकड्यावरून तो निर्णय होत नाही. तेव्हाही 1.68 च्या पुढे गेली नाहीस आणि दुसऱ्या खेळाची ओढ वाटत असेल तर खुशाल जा, ओढ हे पुरेसं कारण आहे. टेंडनचं नाव पुढे करू नकोस. पुन्हा मोजून घ्यायचंच असेल तर त्याच यंत्रावर, घोटा त्याच कोनात ठेवून, आदल्या दिवशी जड सराव न करता, आणि तुलना फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी.

शेवटी डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं ते लिहून ठेव. टाचेमागे अचानक ‘फट्’ झालं, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी. दोन्ही टाचा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, जोडीला कंबरही, किंवा घरात संधिवात वा सोरायसिस असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे, कारण ते दुखणं उड्यांचं नसेलही. आणि कुठल्याही तापा-संसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर ‘मी उंच उडी मारते, टाच दुखते’ हे डॉक्टरांना आधी सांग; या गटातली औषधं टेंडनला इजा करू शकतात आणि बहुतेक वेळा दुसरं औषध देता येतं.